शा टिनच्या डोंगरावरचे पाचशे चेहरे

पहिला दिवस : ची लिन

आईची अट एकच होती. बाजार पाहायचा नाही, विहारं पाहायची. हाँगकाँगमध्ये कसली विहारं, असं भावानं विचारलं तेव्हा मी नकाशाच पुढे ठेवला. फोटोत दिसतात त्या उंच इमारती किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात दाटल्या आहेत. त्यांच्या मागे लगेच डोंगर उभे राहतात आणि हाँगकाँगची सुमारे 40 टक्के जमीन संरक्षित रानाखाली आहे. या डोंगरांच्या उतारांवर जागोजागी बौद्ध मठ आहेत. त्यांतले काही आम्ही निवडले होते. निवड करताना मी आईला शा टिनच्या वाटेचे फोटो दाखवले होते. डोंगरावर चढणारी वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना अर्हतांच्या, म्हणजे निर्वाणाला पोचलेल्या भिक्खूंच्या, सोनेरी मूर्ती. आईनं चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "इथं जायचंच."

जाणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट आधी सांगते. भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते आणि तिचा छापील कागद सोबत ठेवावा लागतो. पोचल्यावर विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्यावं. मेट्रो, बस, मिनीबस, बोट सगळीकडे ते चालतं आणि सुट्या पैशांची कटकट उरत नाही.

दुपारी सामान खोलीवर टाकून आम्ही मेट्रोनं डायमंड हिल स्थानकावर उतरलो. तिथून ची लिन भिक्खुणी विहार पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. हे विहार 1934 मध्ये स्थापन झालं आणि आजच्या वास्तू 1990 च्या दशकात थांग राजवटीच्या काळातल्या पद्धतीनं नव्यानं बांधल्या गेल्या. सगळं काम लाकडाचं. तुळया आणि खांब एकमेकांत खाचा पाडून असे बसवले आहेत की लोखंडी खिळ्याची गरज पडू नये. अंगणात कमळांची तळी आहेत आणि छपरांच्या रेषा इतक्या शांतपणे खाली उतरतात की त्यांच्यामागे उभे असलेले चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे थोडा वेळ विसरायला होतं.

मुख्य दालनात मध्यभागी शाक्यमुनी बुद्ध आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन भिक्खू उभे. एक वयस्क, चेहऱ्यावर हाडं दिसणारा. दुसरा तरुण, गोल चेहऱ्याचा.

"हा महाकस्सप," आई म्हणाली. "आणि तो आनंद."

कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध घरातले. महाकस्सप, आनंद, उपाली, सारिपुत्त ही नावं आईनं लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकली आणि आम्ही तिच्या तोंडून. तिच्यासाठी ती पुराणातली पात्रं नाहीत. घरातल्या थोरल्या माणसांबद्दल बोलावं तशी ती त्यांच्याबद्दल बोलते. आत फोटो काढायला मनाई आहे, ते एका अर्थी बरंच झालं. ती बराच वेळ तिथं उभी राहिली आणि मग हलक्या आवाजात तिनं त्रिसरण-पंचशील म्हटलं.

बाहेर राखाडी चीवरातल्या दोन भिक्खुणी लगबगीनं अंगण ओलांडून गेल्या. त्यांच्याकडे पाहताना मी आईला वाचलेलं सांगितलं. इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या भिक्खुणी समुद्रमार्गे चीनला पोचल्या आणि त्यांनी तिथल्या स्त्रियांना विधिवत उपसंपदा, म्हणजे भिक्खुणीची पूर्ण दीक्षा, दिली. पुढे श्रीलंकेतला भिक्खुणी संघ लयाला गेला, पण चीनमध्ये लावलेला वेल वाढत राहिला. 1998 मध्ये बोधगयेला चिनी परंपरेतल्या भिक्खुणींच्या मदतीनं श्रीलंकेतल्या स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली. भिक्खुणी संघासाठी बुद्धाची मावशी महाप्रजापती गौतमी ज्या दाराशी पाय सुजेस्तोवर उभी राहिली, ते दार उघडं ठेवायचं काम या बायकांनी केलं.

"हे कुणी सांगितलं नाही गं आम्हाला," आई म्हणाली, आणि त्या भिक्खुणी गेल्या त्या दिशेला तिनं हात जोडले.

शेजारची नान लियान बाग 2006 मध्ये खुली झाली. सुबक आहे, पण इतकी नेमकी आखलेली की आमचं मन तिथं फार रमलं नाही. लवकर परतलो.

दुसरा दिवस : शा टिन

ईस्ट रेल मार्गावर शा टिन स्थानक आहे. बी दारानं बाहेर पडलं की उतार लागतो, मग पाय ताउ या जुन्या खेड्याची बुटकी घरं. पुढे डोंगराच्या पायथ्याशी मोठी कमान, रुंद पायऱ्या आणि हिरव्या छपरांच्या भव्य इमारती दिसतात. नवखा माणूस इथंच वळतो. पण ते पो फुक हिल, मृतांच्या अस्थी ठेवण्याची जागा आहे. दहा हजार बुद्धांच्या मठाची वाट तिच्या कडेनं जाते. सुरुवातीला ती इतकी अरुंद आणि साधी आहे की आपण कुणाच्या परसात शिरतोय असं वाटावं. वाटेवर एक पाटी आहे : या मठात भिक्खू राहत नाहीत, कुणी चीवर घालून पैसे मागितले तर देऊ नका. मठाचा कारभार उपासक मंडळी पाहतात. प्रवेशाला पैसे नाहीत.

एक वळण घेतलं आणि ते दिसले.

दोन्ही बाजूंना, माणसाच्या उंचीचे, सोनेरी रंगाचे. एकामागून एक, झाडीतून वर वर जाणारे. ओठ तांबडे, भुवया काळ्या रंगवलेल्या. पायऱ्या चारशेच्या वर आहेत, 431 असा आकडा सगळीकडे दिलेला असतो, आणि अर्हत सुमारे पाचशे. फोटोत ही रांग एकसारखी दिसते. फोटोचा तो दोष आहे. समोर उभं राहिलं की पहिल्या दहा पावलांतच लक्षात येतं की यांतले दोन चेहरे सारखे नाहीत.

एक खदाखदा हसतोय, पोट सुटलेलं. त्याच्या शेजारचा इतका कृश की बरगड्या मोजून घ्याव्यात. एक कुणाला तरी दटावतोय. एकाच्या भुवया इतक्या लांब की त्या खाली लोंबतायत. एकाचा हात आकाशाकडे ताणलेला, माणसाच्या हातापेक्षा कितीतरी लांब. कुणी ग्रंथ उघडून बसलाय, कुणी कान देऊन ऐकतोय, कुणी रागावलाय. हो, रागावलेले अर्हतही आहेत. माझ्या मनात अर्हत म्हणजे मिटलेले डोळे आणि मंद स्मित, असं काहीसं चित्र होतं. ते इथं पार मोडलं. तरुण, म्हातारे, दाढीवाले, टकले, चिनी नाकाडोळ्यांचे आणि स्पष्टपणे परदेशी वाटणारे, दाट भुवयांचे नि मोठ्या नाकाचे. चिनी कलाकारांनी शतकानुशतकं भारतीय भिक्खूंना असंच दाखवलं आहे. त्या मोठ्या नाकाच्या अर्हतांजवळ आई दर वेळी थांबायची. "आपल्याकडचा दिसतोय," म्हणायची.

चीनमध्ये पाचशे अर्हतांच्या दालनात एक रीत आहे. कुठल्याही एका अर्हतापासून मोजायला सुरुवात करायची, आपल्या वयाइतके मोजायचे आणि ज्याच्यापाशी आकडा संपेल त्याच्या चेहऱ्यावरून पुढचं वर्ष ओळखायचं. मी ते आईला सांगितलं. तिनं मान हलवली. भविष्य पाहण्यात तिला रस नव्हता, तिला माणूस शोधायचा होता.

"उपाली कुठं असेल?" ती म्हणाली.

उपाली शाक्य राजकुमारांचा न्हावी. राजकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले, दागिने उतरवून त्याच्या हातात दिले आणि त्याला परत जायला सांगितलं. तो परत गेला नाही. तोही बुद्धाकडे आला. तेव्हा राजकुमारांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्याहून ज्येष्ठ होईल आणि आम्हाला त्याला वंदन करावं लागेल, आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. ही गोष्ट आमच्या घरात किती वेळा सांगितली गेली असेल याला गणती नाही.

त्यामुळे आमचा चढ फार हळू झाला. मागून येणारे लोक आम्हाला ओलांडून जात होते. बहुतेक जण दोन-चार फोटो काढून मठाच्या ओढीनं पुढे सरकायचे. मला वाटतं इथं येणाऱ्यानं उलट करावं. वर पोचायची घाई ठेवूच नये. ही वाट म्हणजे मठाकडे नेणारा नुसता रस्ता नव्हे. पाहायचं ते इथंच आहे. वर बुद्ध आहेत, पण वाटेवर त्याचे सोबती आहेत, आपल्यासारखीच नाकंडोळे, पोटं, सुरकुत्या, स्वभाव असलेली माणसं. न्हावी, राजपुत्र, भंगी, दरोडेखोर, ब्राह्मण, व्यापारी अशी सगळ्या घरांतली माणसं त्या संघात होती. सुनीत कचरा वाहायचा. अंगुलिमालाच्या हाताला रक्त होतं. ते सगळे अर्हत झाले. मूर्तिकारांनी प्रत्येकाला वेगळा चेहरा दिला याचं कारण मला त्या चढावर समजल्यासारखं झालं. निर्वाणाला पोचलेली माणसं एकाच साच्यातून काढल्यासारखी सारखी होत नाहीत. जाड माणूस जाडच राहतो, हसणारा हसतच राहतो.

अर्ध्या वाटेवर एका सपाट जागी बसलो. आईच्या गुडघ्यांनी विश्रांती मागितली होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं मला पहिल्या संगीतीची, म्हणजे बुद्धवचन एकत्र म्हणून नक्की करायला भरलेल्या भिक्खूंच्या सभेची, गोष्ट सांगितली. ती मला माहीत होती, पण त्या जागी ती ऐकायला वेगळीच लागली. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला सप्तपर्णी गुहेत संगीती भरवायचं ठरलं. अध्यक्ष महाकस्सप. त्यांनी अर्हत निवडले ते चारशे नव्याण्णव. एक जागा मोकळी ठेवली ती आनंदसाठी. त्यानं बुद्धाचं सगळं बोलणं कानांनी ऐकलं होतं, पण तो अजून अर्हत झाला नव्हता. संगीतीच्या आदल्या रात्री तो पहाटेपर्यंत झटला. शेवटी थकून आडवा होताना, डोकं उशीला टेकायच्या आत, त्याला अर्हत्त्व प्राप्त झालं. सकाळी पाचशे पुरे झाले. मग महाकस्सपांनी विचारलं आणि उपालीनं विनय म्हणजे संघाचे नियम सांगितले, आनंदानं धम्म सांगितला.

"म्हणजे सगळे नियम न्हाव्याच्या तोंडून आले," आई म्हणाली. "राजपुत्र समोर बसून ऐकत होते."

ती उठली आणि आणखी पंधरा-वीस पायऱ्यांवर थांबली. तिथं एक सडसडीत अर्हत होता, मान किंचित खाली, नजर स्वतःच्या हातांवर. दिसायला अगदी साधा. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं. आईनं ठरवलं की हाच उपाली. मी काही बोलले नाही. मलाही तो उपालीच वाटत होता.

वर पोचल्यावर मोकळं पटांगण लागतं. एका बाजूला मुख्य दालन, समोर नऊ मजल्यांचा लाल पॅगोडा. हा पॅगोडा एके काळी हाँगकाँगच्या 100 डॉलरच्या नोटेवर छापला जात असे. निळ्या सिंहावर मंजुश्री आणि पांढऱ्या हत्तीवर समंतभद्र हे दोन बोधिसत्त्व आपापल्या मंडपात बसले आहेत. मुख्य दालनात शिरल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, कारण भिंती भिंतींसारख्या दिसतच नाहीत. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर वीतभर उंचीच्या सोनेरी बुद्धमूर्ती. नाव दहा हजार बुद्धांचं, प्रत्यक्षात जवळपास 13,000 मूर्ती आहेत. हातांच्या मुद्रा थोड्या थोड्या बदलत जातात.

या मठाची उभारणी मला त्या मूर्तींपेक्षाही मोठी वाटते. तो उभारणारे भिक्खू युएत काई हे मूळचे चीनमधल्या कुनमिंगचे. जन्म 1878 चा. तत्त्वज्ञान शिकले, एकोणिसाव्या वर्षी धम्माकडे वळले, 1930 च्या दशकात हाँगकाँगला आले. एका श्रद्धाळू तंबाखू व्यापाऱ्यानं बौद्ध विद्यालयासाठी त्यांना जागा दिली होती, पण दुसऱ्या महायुद्धानंतर ते विद्यालय चाललं नाही. मग 1949 मध्ये त्यांनी या मठाचा पाया घातला. वर यायला रस्ता नव्हता. सत्तरी ओलांडलेले युएत काई आणि त्यांचे शिष्य बांधकामाचं सामान पायथ्यापासून स्वतः वाहून आणत. इमारती 1957 मध्ये पूर्ण झाल्या आणि मूर्तींचं काम त्यानंतर दहा वर्षं चाललं.

1957. आईनं ते साल दोनदा विचारून घेतलं. आदल्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. आजोबा त्या गर्दीत होते. शुभ्र कपडे घालून, मिळेल त्या गाडीनं, उरलेली वाट पायी तुडवत गेलेले. म्हणजे ते नागपूरकडे चालत होते तेव्हा इथं या उतारावर कुणीतरी विटा डोक्यावर घेऊन चढत होतं. एकमेकांची त्यांना वार्ताही नव्हती. आईचे डोळे भरून आले, माझेही. बुद्धाच्या देशातून धम्म जवळजवळ पुसला गेला होता, तो परत आला तो माणसांच्या पायांनी. आणि इथंही तो चढला तो माणसांच्या पाठीवरूनच.

युएत काई 1965 मध्ये वारले. त्यांचा देह बसलेल्या स्थितीत पुरला होता. आठ महिन्यांनी उघडलं तेव्हा तो शाबूत होता असं सांगतात. मग त्यावर लाखेचा थर दिला गेला, वर सोन्याचा वर्ख चढवला गेला आणि आता तो मुख्य दालनात काचेच्या पेटीत, पद्मासनात आहे. याबद्दल मी आईला आधी सांगून ठेवलं होतं. तरी ती पेटीपाशी पाच पावलं मागेच उभी राहिली. आमच्या मनाला हे सहज पटणारं नव्हतं. अनित्य शिकवणाऱ्या धम्मात देह जपून ठेवायचा कशाला, असा प्रश्न मला पडला आणि तो अजूनही आहे. पण समोर एक म्हाताऱ्या बाई आल्या, पेटीला न शिवता तीनदा वाकल्या आणि काठी टेकत निघून गेल्या. त्यांच्या वाकण्यात भीती किंवा मागणं नव्हतं. ज्या माणसानं इथवर विटा वाहिल्या त्याला केलेला तो नमस्कार होता. तेवढा आम्हीही केला.

वरच्या टप्प्यावर आणखी मूर्ती आणि मंदिरं आहेत. तिथं जाताना पुन्हा दोन्ही बाजूंना सोनेरी रांगा लागतात. एका मंडपात जेड सम्राट आहे. तो ताओ परंपरेतला स्वर्गाचा राजा. चिनी घरांमध्ये बुद्ध, ताओ आणि पूर्वज एकत्र नांदतात, त्यात तिथल्या लोकांना काहीच वावगं वाटत नाही. आईला मात्र दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. ती मंडपाबाहेरच थांबली. "त्यांचं त्यांच्यापाशी," म्हणाली, "आपलं आपल्यापाशी." ना तिनं नाक मुरडलं, ना उगीच हात जोडले. तिची ही रीत मला फार आवडते.

डोंगरावर माकडं आहेत. पिशवी घट्ट धरून चालावं, खायला अजिबात देऊ नये. मठाच्या आवारात शाकाहारी खानावळ आहे. तिथं भाज्या घातलेल्या नूडल्स आणि गोड पाकातला मऊ टोफू खाल्ला. टोफू आईला इतका आवडला की तिनं दुसरी वाटी मागवली.

खाली उतरताना उताराला जागोजागी केलेला काँक्रीटचा आधार दिसतो. 1997 च्या जुलैत मुसळधार पावसात या डोंगराची दरड कोसळली, मठाची काळजी घेणाऱ्या एका व्यक्तीचा त्यात बळी गेला आणि मठ 2000 पर्यंत बंद राहिला. उतरताना ते ठाऊक असल्यामुळे असेल, मी चेहरे पाहण्याऐवजी त्यांच्या मागची माती, झाडांची मुळं, पाण्याच्या चरी पाहत होते. डोंगराच्या उतारावर काहीही उभं करणं म्हणजे दर पावसाळ्यात ते नव्यानं सांभाळणं. रंगाचे ताजे हात दिलेल्या मूर्ती पाहून एवढं कळलं की सांभाळणारे अजून आहेत.

तिसरा दिवस : लांताउ

तुंग चुंगपर्यंत मेट्रो, पुढे न्गोंग पिंगची केबल कार. 5.7 किलोमीटरचा झुलता प्रवास, साधारण 25 मिनिटांचा. खाली समुद्र, मागे विमानतळ, पुढे हिरवे डोंगर. आणि मग धुक्यातून एकाएकी बुद्धाची पाठ आणि खांदे दिसू लागतात.

तियान तान बुद्ध 34 मीटर उंच आहे, ब्राँझच्या 202 तुकड्यांचा, वजन 250 टनांहून जास्त. 1993 च्या डिसेंबरात त्याचं लोकार्पण झालं. उजवा हात अभयमुद्रेत उंचावलेला, डावा मांडीवर उघडा. मोठे बुद्ध सहसा दक्षिणेला तोंड करून असतात. हा उत्तरेकडे, मुख्य भूमीकडे पाहतो. 268 पायऱ्या चढून वर गेलो. भोवती सहा देवता फुलं, धूप, दिवा, लेप, फळं आणि संगीत अर्पण करताना गुडघे टेकून बसल्या आहेत.

भव्य आहेच. पण खरं सांगायचं तर आदल्या दिवशी जे झालं ते इथं झालं नाही. एवढ्या मोठ्या मूर्तीपुढे मान वर करून पाहावं लागतं आणि थोड्या वेळानं आपण फक्त तिच्या आकाराबद्दल बोलत राहतो. गर्दीही फार होती. पायथ्याशी असलेला 1906 पासूनचा पो लिन मठ आणि तिथलं शाकाहारी जेवण मात्र चुकवू नये.

आम्हाला धरून ठेवलं ते प्रज्ञापथानं. मोठ्या बुद्धापासून पंधरा-वीस मिनिटं रानातून चाललं की मोकळ्या उतारावर लाकडाचे 38 उंच खांब उभे दिसतात. ते जमिनीवर इंग्रजी आठाच्या आकारात मांडले आहेत, अनंताचं चिन्ह म्हणून. मागे 934 मीटरचं लांताउ शिखर. खांबांवर चिनी अक्षरांत प्रज्ञापारमिता हृदयसूत्र कोरलं आहे. ज्या प्रवासी भिक्खू श्वेन त्सांगचा या सूत्राचा चिनी अनुवाद चीनमध्ये घरोघर म्हटला जातो, तो सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातून फिरून गेला होता आणि दुसऱ्या पुलकेशीबद्दल लिहून गेला. चढावर सर्वांत वरच्या जागी असलेल्या खांबावर काहीच कोरलेलं नाही. शून्यतेसाठी तो कोरा सोडला आहे.

अक्षरं जाओ त्सुंग-ई यांची. हाँगकाँगचे फार मोठे विद्वान, 2018 मध्ये वारले. संस्कृतही जाणत होते आणि 1963 मध्ये संशोधनासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत राहिले होते. हे वाचल्यापासून मला या खांबांची ओढ होती. पुण्यात हस्तलिखितांवर वाकलेल्या माणसाची अक्षरं इथं वाऱ्यापावसात उभी आहेत. मी खांबाला हात लावून "रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्" म्हटलं. आईला संस्कृत सूत्रापेक्षा पाली जवळची. तिनं पायवाटेवर बसून करणीयमेत्त सुत्त म्हटलं. एका चिनी कुटुंबातली लहान मुलगी येऊन तिच्यासमोर उकिडवी बसली आणि सुत्त संपेपर्यंत हलली नाही. मग आईनं पर्समधून खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली, तिच्या आईला विचारून.

परतताना केबल कारऐवजी बस घेतली. 23 क्रमांकाची. घाटातली वळणं ज्यांना सोसत नाहीत त्यांनी हे करू नये.

चौथा दिवस : ताई पो

विमान रात्रीचं होतं, म्हणून सकाळ त्झ शान मठासाठी ठेवली होती. इथं आधी ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत. ताई पो मार्केट स्थानकावरून मिनीबसनं गेलो. हा मठ नवा, 2015 मध्ये लोकांसाठी खुला झाला. उद्योगपती ली का-शिंग यांच्या प्रतिष्ठानानं त्यासाठी पैसा दिला. डोंगराच्या उतारावर, समुद्राकडे तोंड करून, ग्वानयिनची पांढरी मूर्ती उभी आहे. चबुतऱ्यासह 76 मीटर. बोधिसत्त्व अवलोकितेश्वर चीनमध्ये पोचल्यावर हळूहळू स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला, ती ही करुणामूर्ती.

इथं उदबत्ती पेटवत नाहीत. धुराऐवजी पाणी. एका लहानशा लाकडी वाटीत पाणी घेऊन, ते सांडू न देता, मूर्तीपर्यंत चालत जायचं आणि तिथं अर्पण करायचं. आईला हे मनापासून पटलं. सांडू न देता चालायचं म्हटल्यावर माणूस आपोआप पायांकडे लक्ष देतो, हेच तर सतिपट्ठान, सजगतेची साधना, असं ती मिनीबसमध्ये शेजारच्या बाईंना मराठीत समजावून सांगत होती. त्या बाई कँटोनीजमध्ये उत्तर देत होत्या आणि दोघींचं छान चाललं होतं.

मठ निर्मळ आहे, नेटका आहे, एकही पान वाटेवर पडलेलं नाही. तरी माझं मत शा टिनच्या बाजूनंच पडेल. त्या उन्हापावसानं विटलेल्या, पुन्हा पुन्हा रंगवलेल्या पाचशे जणांत जी गजबज आहे ती इथं नाही. आईला विचारलं तर तिनं उत्तर देण्याआधी पर्समधून फोन काढला आणि उपालीचा फोटो उघडला. मी काढला होता तो तिला पसंत नव्हता. मान नीट आली नव्हती म्हणे. मग शा टिन परतीच्या वाटेवरच आहे, उतरूया का, असं तिनंच विचारलं. गुडघ्यांचा विचार करून आम्ही नाही उतरलो.

विमानतळाकडे जाताना तिनं भावाला फोन लावला. "राजगीरला जायला गाडी कुठून मिळते ते बघून ठेव," म्हणाली. "सप्तपर्णी गुहेपर्यंत चढ आहे म्हणतात. असू दे. थंडीत जाऊ."